पोपट हाकलणारा हात

मायच्या अंगावरून वारं गेलं त्याला वर्षाच्या वर होऊन गेलं होतं. तोंड सरळ झालं, पायही बरा चालू लागला. उजवा हात मात्र मूठ वळून छातीशी बसला तो बसलाच. सकाळी बाबा भाकरी थापायचे, जाड, कडेला फाटलेल्या, आणि मग वावरात जायचे. घाटंजीला शिकवणीचे वर्ग घ्यायला निघण्याआधी मी मायची वेणी घालायची. ती वेणी घालून घेताना गप्प बसायची. एरवी गप्प बसणारी बाई नव्हती ती.

तिला खरं लागलं होतं ते दुसरंच. कापसाची पहिली वेचणी सुरू होताना आमच्याकडे सीतादही करतात. घरची बाई वावरात दहीभाताचा नैवेद्य ठेवते, उजव्या हातानं पहिला कापूस वेचते, आणि मगच बाकीच्या बाया वेचायला लागतात. आमच्या घरी ते मायचं काम. आजारपणाच्या साली ते काकूनं केलं. माय वावरात आलीसुद्धा नाही. संध्याकाळी काकू सहज बोलून गेली, "आता मलेच करा लागन व दरसाल."

"पुढच्या साली मीच करीन," माय म्हणाली. मूठ तशीच छातीशी.

तेव्हापासून मला चैन नव्हतं. पेरणी झाली, कापसाची पऱ्हाटी वाढू लागली, आणि मी रोज वावराच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन झाडं पाहून यायची. लोक पीक वाढावं म्हणून पाहतात. मला वाटायचं, जरा थांबावं त्यानं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. आहे, आणि ते मी छाती ठोकून सांगते. यवतमाळच्या फिजिओथेरपीच्या मॅडमना मी सरळ विचारलं, "रोज आणणं जमत नाही. घरी काय करता येईल ते सांगा." त्यांनी एक हातमोजा वापरायला दिला. त्याच्या बोटांवर तारा होत्या आणि तो मोबाईलला जोडायचा. बोटं किती उघडली ते पडद्यावर दिसायचं, आणि तेच यवतमाळात बसून मॅडमनाही दिसायचं.

त्यात खेळ होता. पडद्यावर एक पोपट. तळहात उघडला की पोपट येऊन दाणे खातो, मूठ मिटली की निघून जातो. रेंज फक्त गोठ्याच्या कोपऱ्यात, म्हणून मायची खुर्ची बैलांच्या शेजारी.

"उघड ना व हात, माय."

"उघडून राह्यली ना! डोक्यावर नोको बसू."

उघडत नव्हती. पऱ्हाटी फुलावर आली तरी पोपट उपाशीच. मी खुर्चीभोवती नुसती फिरत राहायची. शेवटी मॅडमनी व्हिडिओ कॉल लावला आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"मावशी, पोपट जवळ आला की तुम्ही मूठ आणखी आवळता. दुखतं का?"

"दुखत नाही. पन दाने खाते ना तो."

"मग खाऊ द्या की."

"खाऊ द्या? जवारीच्या वावरात माळ्यावर बसून पोपटं हाकलन्यात जिंदगी गेली माही. एक येते अन् त्याच्या मांगून थवा येते. त्याले हातानं चारू?"

मॅडम हसल्या. मग म्हणाल्या, "बरं, मग हाकला त्याला." त्यांनी तिकडूनच खेळ फिरवला. आता बोटं उघडली की पोपट उडणार होता.

"हाऽऽर्र!" माय ओरडली. बैलानं कान टवकारले. तिचं एक बोट हललं, थोडंसंच. पोपट फडफडला आणि पुन्हा दाण्यांवर बसला.

"आलाच का मेल्या!"

मग ती स्वतःच मोजा मागू लागली. वावरातून आल्या आल्या बाबा विचारायचे, "किती उडवले?"

"तुमी भाकरी पाहा आपल्या."

पण हाताचा भरवसा नव्हता. एखाद्या दिवशी चारही बोटं सैल व्हायची, दुसऱ्या दिवशी मूठ दगडासारखी. तिकडे बोंडं फुटायला लागली. काकूनं मला चुलीपाशी गाठून हळूच विचारलं, "दही लावून ठेवू काय?"

"लाव. पन वेचनार माय." मी ठसक्यात म्हणाले आणि मोजा घेऊन गोठ्यात गेले.

सीतादहीच्या दिवशी वावरात मोजा नव्हता, पडदाही नव्हता. मायनं डाव्या हातानं नैवेद्य ठेवला आणि उजवा हात फुटलेल्या बोंडापाशी नेला. मूठ उघडेना. बाया वेचणीसाठी थांबलेल्या. काकू एक पाऊल पुढं आली, मीही निघाले. बाबांनी माझं मनगट धरलं.

"हाऽऽर्र," माय पुटपुटली.

अंगठा आणि दोन बोटं उघडली, बोंडात गेली. अर्धा कापूस हातात आला, अर्धा बोंडातच राहिला. तिनं पुन्हा हात घातला आणि तोही काढला.

"पोपट कुठी आहे व?" काकूनं विचारलं, आणि बाया हसत कामाला लागल्या.

वेणी अजून मीच घालते. भाकरी बाबाच थापतात, अजूनही जाडच. पण त्या साली आमच्या वावरातला पहिला कापूस मायनं आपल्या उजव्या हातानं वेचला.