बगळ्यांचा प्लंबर

हॉइट स्पार्कमनच्या लग्नाचा मुहूर्त अमेरिकन फुटबॉलच्या वेळापत्रकाने काढला. अख्ख्या ऑक्टोबरात एकाच शनिवारी टॅलोवा स्टेट विद्यापीठाच्या संघाला सुट्टी होती, तोच त्याने धरला. नवरीच्या, ज्युएलच्या, आईला हे कळलं तेव्हा ती लेकीला म्हणाली, "बाई गं, अजून विचार कर." ज्युएल नुसती हसली. तिचे वडीलही त्याच स्टेडियमच्या पायऱ्यांवर म्हातारे झाले होते. तिला त्यात नवं काय होतं!

संघाचं नाव बगळे. नदीकाठच्या पाणथळीवरून पडलेलं. परगावचे लोक "काय, आज मासे मिळाले का?" म्हणून चिडवायचे. पण सामन्याच्या दिवशी, शनिवारी, टॅलोवा गावभर निळ्या-पांढऱ्या शर्टांशिवाय दुसरा रंग दिसत नसे. हॉइट पहाटेच आपला ट्रक स्टेडियमबाहेरच्या ओकच्या झाडाखाली लावायचा आणि लोखंडी पिंपात डुकराच्या बरगड्या मंद आचेवर टाकायचा. ओळखीचा असो, अनोळखी असो, निळा शर्ट घातलेला कुणीही तिथे येऊन ताटली पुढे करू शकत होता.

धंद्याने तो प्लंबर. ट्रकच्या दोन्ही दारांवर हातभर मोठं कमोडचं चित्र आणि खाली 'स्पार्कमन प्लंबिंग'. ज्युएलला त्या चित्राची लाज वाटायची. हॉइट म्हणायचा, "लोक नाव विसरतात, हे कुणी विसरत नाही."

आणखी एका गोष्टीसाठी तो गावात प्रसिद्ध होता. सोमवारी संध्याकाळी रेडिओवर डेल नावाच्या निवेदकाचा फुटबॉलवरचा कार्यक्रम असायचा, आणि हॉइटचा फोन आल्याशिवाय तो संपत नसे. विषय निघायचा तो बहुधा एकच. कॉलेजच्या खेळाडूंना पैसे द्यावेत का?

"मुळीच नाही!" हॉइट कडाडायचा. "फुकट शिक्षण मिळतंय ना? राहायला खोली मिळतेय ना? पैशासाठी खेळणारे व्यावसायिक संघ टीव्हीवर रविवारी बघा. आमची पोरं शनिवारी गावासाठी खेळतात. त्या खेळाला दुकान करू नका."

डेल मुद्दाम काडी लावायचा. "पण हॉइट, प्रशिक्षकाचा पगार ऐकलास का?"

"तो मोठा माणूस आहे. त्याला संसार आहे." हे म्हणून झालं की हॉइट फोन ठेवायचा आणि विजयी मुद्रेने बायकोकडे बघायचा. ती टीव्हीचा आवाज वाढवायची.

एका डिसेंबरात स्टेडियममागच्या एका भाड्याच्या घरातून त्याला बोलावणं आलं. गरम पाण्याची टाकी बंद पडली होती. दार उघडलं ते एवढ्या आडव्या पोराने की मागचं घर दिसेना. हॉइटच्या हातातली अवजारांची पेटी पडता पडता राहिली. समोर तवारिस मॅकक्रे उभा होता. बगळ्यांच्या बचाव फळीचा कणा, शर्ट क्रमांक चव्वेचाळीस. आणि हॉइटच्या अंगात, कामाच्या डगल्याखाली, नेमका तोच चव्वेचाळीस क्रमांकाचा शर्ट होता.

पोरगा हसला. "छान दिसतोय तुम्हाला, सर."

"दुकानातनं घेतलाय. अस्सल आहे," हॉइट लाजून म्हणाला. "तुझ्याकडे तर ढीग असतील."

"एकही नाही. सामना झाला की आमचा धुवायला परत घेतात. दुकानातला मला परवडत नाही."

पोरगा हे तक्रारीच्या सुरात बोलला नव्हता, आणि तेच हॉइटला जास्त लागलं. टाकी दुरुस्त करता करता त्याने स्वयंपाकघराकडे नजर टाकली. नाताळच्या सुट्टीत विद्यापीठाची खानावळ बंद, संघ मात्र सरावासाठी थांबलेला. ओट्यावर सुक्या नूडल्सची पाकिटं आणि शेंगदाण्याच्या लोण्याची खरवडलेली बरणी. एवढ्या देहाला एवढंच!

घरी येऊन त्याने ज्युएलला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्याला सोडून आलास कसा? आण की जेवायला."

त्या रविवारपासून तवारिस चर्च सुटल्यावर जेवायला यायला लागला. तळलेली कोंबडी, लोण्यात शिजवलेले वाल, मक्याचा पाव. ज्युएल वाढत जायची आणि तो "बस, मिस ज्युएल" म्हणत ताटली पुढेच धरायचा. जेवताना फुटबॉलचा विषय काढायचा नाही, अशी त्याची एकच अट होती. हॉइटच्या जिवावर आलं, पण त्याने पाळली. तवारिस बोलायचा तो जॉर्जियातल्या आपल्या गावाबद्दल आणि आईबद्दल. त्याला शाळेत इतिहास शिकवायचा होता.

पुढच्या हंगामात, ऐन नोव्हेंबरात, त्याच्या आईचं तातडीने ऑपरेशन ठरलं. घरी जायला पोराकडे काही साधन नव्हतं. हॉइटने खिशातून ट्रकची किल्ली काढली. "जा. क्लच जरा हळू सोड."

तवारिस गेला, आईला भेटून दुसऱ्या दिवशी परतही आला. पण वाटेत पेट्रोल भरताना कुणीतरी फोटो काढला. राज्यातला सगळ्यात दांडगा बचावपटू, आणि तो उतरतोय कमोडचं चित्र असलेल्या ट्रकमधून. असला फोटो कोण सोडतो! संध्याकाळपर्यंत तो सगळीकडे पसरला. आधी लोक हसले, मग प्रश्न विचारू लागले.

विद्यापीठाच्या नियम विभागातली बाई हॉइटच्या घरी आली. सभ्य होती. "मिस्टर स्पार्कमन, तुम्ही संघाला देणगी देता. त्यामुळे नियमाप्रमाणे तुम्ही खेळाडूला काहीच देऊ शकत नाही. ना गाडी, ना दर रविवारचं जेवण."

"अहो, वाल खाल्लेत त्याने! वाल!"

"मला कळतंय," ती म्हणाली, आणि तिला खरंच कळत असावं, कारण ती मान खाली घालून निघून गेली.

तवारिसला वर्षातल्या सगळ्यात मोठ्या सामन्यातून बाहेर बसवलं. बगळे हरले. त्या रात्री कुणीतरी हॉइटच्या अंगणात मेलेले मासे फेकले. न्हाव्याच्या दुकानात हॉइटची दाढी चालू असताना त्याचा जुना दोस्त रॉइस मोठ्याने म्हणाला, "एका ट्रकपायी हंगाम गटारात घातलास, प्लंबर." सगळे हसले. हॉइट अर्ध्या दाढीनेच उठला.

तो घरी आला तेव्हा तवारिस पायऱ्यांवर बसला होता.

"आत ये म्हणू शकत नाही रे तुला," हॉइट म्हणाला.

"माहीत आहे, सर. मी फक्त सांगायला आलोय. शुद्धीवर आल्यावर आईने पहिलं मला पाहिलं. अशा सामन्यातून मला दहादा बाहेर बसवलं तरी चालेल."

पोरगा चालत निघून गेला.

सोमवारी त्याने डेलला फोन लावला. सगळं गाव कान देऊन बसलं होतं. माफी मागणार, अशी लोकांची अटकळ होती.

"डेल, माझ्याकडे चव्वेचाळीसचे तीन शर्ट आहेत," तो म्हणाला. "त्यांचे पैसे दुकानाला मिळाले, विद्यापीठाला मिळाले, शिवणाऱ्यालासुद्धा मिळाले असतील. ज्याच्यामुळे मी ते घेतले, त्याला माझ्या टेबलावर वाल खाल्ले म्हणून शिक्षा झाली. मी इतकी वर्षं तुझ्या कार्यक्रमात ओरडत आलो की खेळाचं दुकान करू नका. अरे, दुकान कधीचंच थाटलंय. गल्ल्यावर आपण सगळे बसलोय आणि राबणाऱ्याला दाराबाहेर उभं केलंय. मी चुकलो होतो. एवढंच."

मग एकामागून एक फोन यायला लागले. काहींनी हॉइटला गद्दार म्हटलं. पण एका नर्सने, एका शाळामास्तराने आणि शेवटी चक्क रॉइसने सांगितलं, "प्लंबर डोक्याने जाड आहे, पण या वेळी बरोबर बोलतोय. आणि त्याची दाढी अर्धी राहिलीय, येऊन पुरी करून घे म्हणावं."

तवारिस परत खेळायला उतरला, पण शेवटच्या वर्षी त्याचा गुडघा गेला आणि त्याबरोबर व्यावसायिक संघात जायची आशाही गेली. पदवी मात्र त्याने घेतली. टॅलोवाच्याच हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायला लागला, दुपारी पोरांना फुटबॉल. आता नियमाचा अडसर राहिला नव्हता. तो आणि त्याची बायको डेनिस रविवारी हक्काने येऊ लागले. ज्युएल वालाचं मोठं पातेलं चढवायला लागली.

पुढे काही वर्षांनी नियम बदलले. खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे मिळवायची मोकळीक झाली. हॉइटने त्या दिवशी ओकखाली दुप्पट बरगड्या भाजल्या. पण दुसऱ्याच वर्षी बगळ्यांचा सगळ्यात लाडका खेळाडू जास्त पैसे देणाऱ्या मोठ्या विद्यापीठात निघून गेला, तेव्हा हाच माणूस आठवडाभर धुसफुसत होता.

"गेला! साधं 'येतो' म्हणूनसुद्धा नाही गेला! यासाठी भांडलो होतो का मी?"

तवारिसने पाव मोडत विचारलं, "मिस्टर हॉइट, तुमचा तो कामाला ठेवलेला माणूस गेल्या वर्षी दुसऱ्या प्लंबरकडे गेला. तुम्ही त्याला काय म्हणालात?"

"म्हटलं, जा बाबा, पोरांचं भलं होऊ दे. पण ते वेगळं!"

"कसं वेगळं?"

हॉइटने वालाचं भांडं पुढे ओढलं. "वेगळंच आहे," तो पुटपुटला. ज्युएल इतकी हसली की तिला ठसका लागला. या प्रश्नाचं पूर्ण उत्तर त्याला आजही सापडलेलं नाही, आणि तसं तो आता रेडिओवरही कबूल करतो.

गेल्या उन्हाळ्यात मात्र त्याने एक काम केलं. त्याच्या डोक्यात आलं, की चेंडू घेऊन पळणाऱ्यांना जाहिराती मिळतात. त्यांच्यापुढे धक्के खात उभ्या राहणाऱ्या आघाडीच्या फळीला कोण विचारतो? जमिनीखालच्या पाइपांसारखीच त्यांची गत; बिघडल्याशिवाय कुणाला आठवण होत नाही. त्याने त्या फळीतला ओरिन टेगार्डन नावाचा, गावात कुणाला नीट माहीत नसलेला, भयंकर लाजाळू पोरगा आपल्या जाहिरातीसाठी घेतला. रीतसर करार करून.

तवारिस कॅमेरा धरून उभा. ओरिनने खांद्यावर कमोड उचलून एकच वाक्य म्हणायचं होतं, "तुंबलं? स्पार्कमनला बोलवा." कमोड त्याने उशीसारखा उचलला, पण वाक्य काही तोंडातून बाहेर पडेना. कान लालबुंद झाले.

"राहू दे," तवारिस म्हणाला. "नुसता उभा राहा."

तो उभा राहिला. गंभीर, घामाघूम, खांद्यावर कमोड. जाहिरात तशीच लागली आणि राज्यभर गाजली. मैदानात ओरिन उतरला की आता अख्खं स्टेडियम त्याचं नाव घेऊन ओरडतं. आघाडीच्या फळीतल्या पोरासाठी असा गजर टॅलोवात आधी कुणी ऐकला नव्हता. हॉइटचा फोनही दिवसभर वाजत असतो. परवा एका म्हाताऱ्या बाईंनी तर स्पष्टच सांगितलं, "नळ फारसा गळत नाहीये. पण तो मुका पोरगा येणार असेल, तर याच शनिवारी पाठवा."

"तो मुका नाही हो, बाई," हॉइट म्हणाला. "तो बगळा आहे. शनिवारी मोकळा नसतो. मी आलो तर चालेल का?"