रोटाचे भाऊबंद

मी आयुष्यभर शाळेत उत्क्रांती शिकवली आणि दर श्रावणात घरच्या कानबाई देवीपुढे हात जोडले. दोन्ही मनापासून केलं, असं छातीठोकपणे सांगायची माझी कधी हिंमत झाली नाही. वर्गात फळ्यावर जीवसृष्टीचं झाड काढायचं, एकाच बुंध्यातून मासा, पाल, माकड, माणूस असे फाटे फुटलेले दाखवायचे आणि घरी येऊन नथ घातलेल्या नारळाला म्हणायचं, माय, सगळं तूच केलंस. आपण दोघांपैकी एकाला नक्की फसवतोय, देवीला नाहीतर पोरांना, ही बोचणी कायम असायची. एकदा बायकोला बोलून दाखवलं. ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "हाई बठ्ठं कानबाईनंच शे. तिनी कसं करं, ते तुम्ही पोरेसले शिकाडा." म्हणजे सगळं तिचंच, ते तिने कसं केलं तेवढं मी शिकवावं. बाईंनी माझ्या आयुष्याचा घोळ दोन वाक्यांत निकाली काढला होता. मला हसू आलं, पण पटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. दवाखान्यात तिने माझ्याकडे एकच मागणं केलं, घरातली कानबाई बंद पाडू नका. मी तसा शब्द दिला. पहिलं वर्ष सुतकात गेलं. यंदा पहिल्यांदा सगळं माझ्यावर आलं.

आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी नदीवर तिचं विसर्जन होतं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते घरीच दळायचे आणि त्याचे रोट भाजायचे. आमच्या घरचा नियम कडक. रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, लग्न होऊन गेलेल्या लेकीनेसुद्धा नाही. पौर्णिमेच्या आत ते संपलेच पाहिजेत आणि टाकायचे तर मुळीच नाहीत. बायको घ्यायची तशीच मी सगळ्यांच्या नावाने मूठ घेतली. सुरतचे चुलतभाऊ, जळगावचे पुतणे, कॅनडातला मुलगा. नावं घेता घेता धुळ्यातलं माझं रिकामं घर भरल्यासारखं वाटलं. मग एकेकाचे फोन आले. "नाना, यंदा सुट्टीच नाही." "नाना, पोरांच्या परीक्षा आहेत." मुलाने व्हिडिओ कॉलवर देवीचं दर्शन घेतलं आणि विचारलं, "बाबा, एवढे रोट कोण खाणार?" खातील कोणीतरी, असं म्हणून मी फोन ठेवला.

सोमवारी कानबाईचा पाट डोक्यावर घेऊन पांझरा नदीवर गेलो. लोकांच्या कानबाया वाजतगाजत चालल्या होत्या, बाया फुगड्या घालत होत्या. मी आपला कडेकडेने चाललो होतो. माणूस गर्दीत इतका एकटा पडू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्यानंतर रोज रोट. दुसरं काही रांधलंच नाही, कारण ते संपवायचे होते. माझ्या हातचे रोट म्हणजे कौलं. दुधात भिजवून खाल्ले, चहात बुडवून खाल्ले, शेवटी पोटाने हात टेकले. वाटलं, मास्तर, गव्हाचं पीठ आहे ते, गायीला घाला आणि मोकळे व्हा. पण हात उठेना. जी आहे की नाही याचीच मला खात्री नव्हती, तिचा नियम मोडायची भीती वाटत होती. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी रिकाम्या पाटासमोर बसून मोठ्याने म्हणालो, "माय, मला एकट्याला हे संपत नाही. हिला दिलेला शब्द मोडेल. आता तूच कुणाला तरी पाठव." इतक्या वर्षांत मी तिच्याशी असा कधी बोललो नव्हतो.

दुपारी फाटक वाजलं. माझ्याच वयाचा एक माणूस गजाला धरून उभा होता, मागे कापूस पिंजायच्या यंत्राची गाडी. गाद्या भरणारे शकीलभाई, नाव नंतर कळलं. मागच्या गल्लीत कुणीतरी बोलावलं होतं, तिथे कुलूप निघालं. "सर, पानी मिळंल का?" घामाने निथळत होते. त्यांना साखरेचा त्रास होता आणि गोळी घेऊन ते उपाशीच निघाले होते, त्यामुळे साखर एकदम उतरली होती. मी त्यांना ओट्यावर बसवलं, साखरपाणी दिलं. कोपऱ्यावरून बिस्किटं आणतो म्हणालो तर त्यांनी माझा हात धरला. "एकट्याला टाकून जाऊ नका, सर."

मी उरलेल्या रोटांचं ताट आणलं आणि खरं ते सांगितलं. "घरात एवढंच आहे. पण हा देवीचा रोट. आमच्यात तो फक्त भाऊबंदांनी खायचा."

त्यांनी हात मागे घेतला. "मग राहू द्या. आमच्यातबी देवापुढचं खात नाहीत."

आणि मला फळ्यावरचं झाड दिसलं. ते मी किती वेळा काढलं असेल, पण त्यावर माझ्या शेजारी कोण बसलंय, हे कधी वळून पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "भाऊ, मी शाळेत हेच शिकवायचो. लाखो वर्षं मागे गेलं की तुमचा-माझा पूर्वज एकच निघतो."

"माकडवालं ना ते?" ते क्षीण हसले. "ते आपल्याला पटत नाही. आम्ही बाबा आदमची लेकरं." मग त्यांनी ताट जवळ ओढलं. "पन मग तुम्हीबी त्याचेच. भाऊबंदच झालो की. आन् उपाशी माणसाला अल्ला माफ करतो." बिस्मिल्ला म्हणून त्यांनी तुकडा मोडला.

मी चहा टाकला. दोघं बुडवून बुडवून खात होतो. "जास्त भाजलेत, सर," ते म्हणाले. मग आत डोकावून, "एकट्यानं केलं सगळं?" मी मान हलवली आणि मला रडू फुटलं. ते माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. त्यांनी माझं झाड मानलं नाही, मी त्यांचा आदम मानला नाही. ताट मात्र रिकामं झालं.

याला मी चमत्कार म्हणणार नाही. गाद्या भरणारा माणूस गल्लीत येणारच. ते गेल्यावर घर पुन्हा तितकंच रिकामं झालं. फक्त इतकं कळलं, की माझ्या शंकेचं उत्तर मी शोधायचा हट्ट सोडला आणि हात टेकले, तेव्हाच फाटक वाजलं. दिवेलागणीला पाटासमोर हात जोडले. कुणाला फसवतोय असं वाटलं नाही. मागायचं काही सुचेना. "आले होते भाऊबंद," एवढंच तिला सांगितलं.