खोटा चढ आणि उद्याची व्हॅन

मंडळी, बरेच दिवस ग्रुपवर फिरकलो नाही, माफ करा. आज मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही.

माझी नात इरा इकडे इंग्लंडात बेसिंगस्टोकला विजेच्या गाड्यांच्या मोटरी तपासते. आज तिने मला तिथे नेलं. मी सातवी शिकलेला, पण डोळे आहेत. आधी कॉम्प्युटरवर मोटरचं रंगीत चित्र दाखवलं, तापेल तिथे लाल. मग काचेआड खरी मोटर दाखवली. तिला समोरून दुसरी मोटर जोडलेली. ती म्हणे उलटा जोर लावून चढाचं सोंग करते! बसल्या जागी खोटा चढ चढायचा आणि डिग्रीवाल्यांनी टाळ्या पिटायच्या. याला हे लोक काम म्हणतात. हीच मोटर उद्या व्हॅनमध्ये घालून खऱ्या चढावर नेणार म्हणे.

हाफ पँटीतला तिचा साहेब म्हणाला, "व्हेरी सेफ, अंकल."

मी विचारलं, "मग उद्या खऱ्या चढावर व्हॅन तुम्ही चालवणार?" तो हसून कॉफी आणायला गेला. असले हे साहेब.

इरा म्हणाली, "आजोबा, कॉम्प्युटरवरचं मॉडेल मी केलं, मग फर्स्ट ड्राइव्ह पण मीच करणार ना! आमच्याकडे तसंच असतं."

तेव्हापासून घास उतरत नाही. चढावर मोटर बंद पडली तर व्हॅन मागे येईल, आणि आत ती असेल. ब्रेक आहेत, म्हणते. असतील.

तुमच्यापैकी कुणाची मुलं या कामात असतील तर खरं काय ते सांगा. ती उद्या सकाळी निघेल. कृपा करून त्याआधी कळवा.