अकराव्या पावलावरची हाक

दुकानातून रागानं बाहेर पडायचं असेल, तर बाहेरचा दरवाजा कोणता हे आधी पाहून ठेवावं. ही साधी गोष्ट मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळली.

वास्तविक रागानं बाहेर पडणं हाच माझा धंदा. घाटंजीच्या बाजारात डोक्यावर टोपली घेऊन कांदे विकले, आज राळेगावात माझं सिमेंट-टिनपत्र्याचं दुकान आहे. हे सगळं एका युक्तीवर उभं राहिलं. आपला भाव सांगायचा, दुकानदार 'नाही' म्हणाला की ताडकन उठायचं आणि चालू लागायचं. मागे पाहायचं नाही. (मागे आशेनं पाहण्याचं काम आमच्या शोभाकडे. तशी वाटणी लग्नापासूनच झाली आहे.) अकराव्या पावलापर्यंत मागून हाक येते, "या शेठ, या!" नवव्याला आली तर दुकानदार कच्चा. बाराव्यावर कधी गेलीच नाही!

तर घर बांधलं. गावात नाव निघावं म्हणून दर्शनी दाराची जागा चांगली हत्ती जाईल एवढी ठेवली. मग सुताराशी भावावरून बिनसलं आणि तिथे हिरवी ताडपत्री लटकली. गुरुवारी वास्तुशांती आणि उजाडला सोमवार.

"अवो, घर बांधलं का खळं?" शोभा म्हणाली. "पाव्हणे ताडपत्री उचलून येतीन काय?"

म्हणून आम्ही पांढरकवड्याच्या रस्त्याला रज्जाकभाईंच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे एक बंद पडलेली कापसाची जिनिंग. आत पाडलेल्या घरांचं जे जे मोठं, ते ते सगळं. मिठीत न मावणारे सागवानी खांब, कुठेच न जाणारा जिना, आणि दरवाजे! चौकटींसकट उभे, एकाला एक खेटून, त्यांच्याच भिंती आणि त्यांच्याच गल्ल्या. मध्ये खुर्ची टाकून रज्जाकभाई चिंचेनं पितळी कड्या घासत बसले होते.

पितळी फुलांचा एक दरवाजा पाहताच मला आवडला. म्हणून मी त्याला नावं ठेवली.

"लाकूड किडलं हाय."

"सागवान हाय, शेठ. किडा दात तोडून घेईन."

त्यांनी पंचेचाळीस हजार सांगितले, मी अठरा. अर्ध्या तासानं ते चाळीसवर आले आणि मी बत्तीसवर. तिथे गाडी रुतली.

"नाही होत, शेठ."

"नाही होत? चाल वं शोभे! दरवाजे काय दुनियेत इथंच भेटतात काय?"

"तुमी व्हा पुढं. माहे गुडघे दुखून राह्यले," म्हणत ती एका पडलेल्या खांबावर बसली.

मी निघालो. समोरच्या निळ्या दारातून ताठ मानेनं गेलो. सात, आठ, नऊ... अकरा. हाक नाही. बारा! पुढे आणखी एक दार. ते उघडलं तर खिडक्यांची गल्ली. तिसरं उघडलं, तर रज्जाकभाई चिंचेनं कड्या घासत बसलेले.

"या शेठ."

"मी परत नाही आलो," मी म्हणालो. "तो जिना पाहून राह्यलो होतो." आणि दुसऱ्या दारातून पुन्हा संतापून निघालो. या वेळी दार आपटलं सुद्धा! वरून चार कबुतरं उडाली, पण हाक काही आली नाही. पुढच्या दारामागे नुसती भिंत होती. त्याच्या पुढच्या दारामागे रज्जाकभाईंची म्हैस रवंथ करत होती. तिनं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. तीही हाक मारण्याच्या बेतात नव्हती.

आणखी तीन दारं ओलांडली आणि एका बंद दारापलीकडे बोलणं ऐकू आलं.

"शेठले बीपी हाय काय, ताई?"

"नाही जी. भाव करून राह्यले."

"चहा घ्या. कुठूनबी गेले तरी इकडंच येतात."

कप वाजले. मग शोभाचा आवाज आला. "भाऊ, गुरुवारी वास्तू हाय. दाराले ताडपत्री लावून हाय. लाज वाटते पाहा. शेवटचं काय ते सांगा."

"तीसमंदी घेऊन जा, ताई. पण शेठलेबी घेऊन जा. नाहीतर सांजवरी फिरतीन इथंच."

तीस! माझ्या बत्तीसपेक्षा दोन कमी! मी बोंब मारून दाराला धडक दिली. दार हललं नाही. खांदा लावला, पाय लावला. शेवटी आवाज खाली आणून म्हणालो, "शोभे... अवं, ओढ ना जरा तिकडून."

दोघांनी ओढलं तेव्हा मी बाहेर आलो. पाहतो तर पितळी फुलांचा तोच दरवाजा!

"वजन पाह्यलं, शेठ?" रज्जाकभाई म्हणाले. "एकट्याच्यानं उघडतच नाही."

वास्तुशांती थाटात झाली. गावात दरवाजाचं नाव निघालं. माझं मात्र अजून एकच म्हणणं आहे. गिऱ्हाईक उठलं की दुकानदारानं हाक मारावी, हा व्यापाराचा धर्म आहे. रज्जाकभाईंनी तो बुडवला. त्यांना मी माफ करणार नाही.

घरात आम्ही मागच्या दारानंच येतो-जातो. पण भांडण झालं की पंचाईत होते. मागच्या दारानं रागानं जाता येत नाही, कारण तिकडे संडास आहे आणि लोकांचा गैरसमज होतो. म्हणून मी ताडताड दर्शनी दाराशी जातो, कडी काढतो आणि उभा राहतो. मग "शोभे, ये ना जरा, दार ओढू लाग," म्हणून हाका मारतो.

ती येते. मी मोजून पाहिलं आहे, बरोब्बर अकराव्या हाकेला.