ट्रकमध्ये माझ्या शेजारी

इथे ऑस्ट्रेलियातल्या अल्बनीत पाऊस थांबला की कुंपणापलीकडच्या निलगिरींचा वास घरात शिरतो आणि मी परत सात वर्षांची होते. बाबा तेव्हा इथिओपियातल्या एका डोंगराळ गावात गणित शिकवायचे. तिथेही निलगिरीच निलगिरी. सकाळच्या धुक्यातून लाकडं लादलेली गाढवं यायची, आवाज न करता, आणि त्यांच्या मागून शेजारची माझी मैत्रीण, अनवाणी, हसत. मग यादवी युद्ध आमच्या डोंगरापर्यंत आलं, शाळा बंद पडली आणि एका सकाळी आम्ही ट्रकमध्ये बसून राजधानीकडे निघालो. ती माझ्या शेजारी होती. तिचं डोकं माझ्या खांद्यावर, केसांना लावलेल्या लोण्याचा वास. पुढे तिचं काय झालं, ते मात्र आठवत नाही.

जन्मभर पत्रकारिता केली, लोकांना खोदून खोदून विचारलं, आणि हे भोक दिसलं कधी, तर स्वतःच्या आठवणी लिहायला बसल्यावर. शाब्बास! आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलीय. काल दुपारी ती लसूण सोलत होती, तेव्हा विचारलं, "माझी ती शेजारची मैत्रीण राजधानीत कुठे उतरली गं?"

"ती? ती आपल्याबरोबर नव्हतीच."

"काहीतरीच काय! माझ्या शेजारी बसली होती."

"तुझ्या शेजारी गाद्यांची वळकटी होती."

मला रागच आला. हल्ली तुझ्या काही लक्षात राहत नाही, म्हणून खेकसलेही तिच्यावर. आईनं लसणाची ताटली बाजूला सारली.

"तिची आई तिला घेऊन आली होती. धुतलेला फ्रॉक, हातात बोचकं. हिला घेऊन जा म्हणाली. तुझे बाबा तयार होते. मी नाही म्हटलं."

"का पण?"

"घाबरले होते. वाटेत जागोजागी बंदूकवाले. तिच्याकडे कागद नाहीत. तिच्यापायी तुला उतरवून घेतलं असतं तर?"

जाऊ दे गं, असं म्हणायला हवं होतं. त्याऐवजी म्हटलं, "हे नाही लिहीत मी."

"लिही," आई म्हणाली. "आम्ही दोघं मराठीत बोललो, तिच्या आईला कळू नये म्हणून. पोरगी तुझ्याशी खेळून खेळून मराठी शिकलीय, हे माझ्या ध्यानातच नाही आलं. मी नाही म्हटलं आणि तिनं खाली ठेवलेलं बोचकं उचललं. तिची आई अजून हात जोडत होती गं. तीच आईला ओढत घरी घेऊन गेली."