घराभोवतीचं एक किलोमीटर

मंगळवार होता. धुळ्यात बाबूशेठच्या साडीच्या दुकानात बसून मी त्यांची जाहिरात कुठवर दिसावी याचं वर्तुळ मोबाईलच्या नकाशावर काढत होतो. तेवढ्यात जळगावहून शेजाऱ्यांचा फोन आला. सुनंदा, माझी बायको, ओट्याशी पडली होती. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या सकाळी तिने एक प्रश्न विचारला होता. "संध्याकाळी सांगतो," म्हणत मी बस पकडली होती.

दुकानदारांच्या जाहिराती पैसे भरून सोशल मीडियावर लावून देणं हा माझा धंदा. त्यात किस्से फार साठतात. पूर्वी ते रोज संध्याकाळी सुनंदासमोर रिकामे व्हायचे. आता आठ महिन्यांचे साठलेत, तर तिने ऐकलेले-न ऐकलेले तुम्ही ऐका.

*

हे बाबूशेठ एकदा तणतणत आले. "माझी जाहिरात मलाच दिसत नाही!"

म्हटलं, "शेठ, ती पंचवीस ते चाळीसच्या बायकांना दिसते. तसंच निवडलंय."

"दुकान माझं ना?"

मग त्यांच्या घराभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढलं आणि साठीपुढच्या पुरुषांसाठी वेगळी जाहिरात लावली. शेठ खूश. दोन दिवसांनी फोन. "अहो, बंद करा! कॉलनीतले सगळे म्हातारे मला पैठणीचा भाव विचारताय!"

*

सोनगीरचे आबा तांब्याची भांडी घडवतात. त्यांच्या हंड्याच्या फोटोला चारशे लाइक आले. आबांनी दिवसभर दुकानात वाट पाहिली.

संध्याकाळी मला म्हणाले, "भाऊ, लाइक चारशे उनात. मग गिऱ्हाइक कोठे गयात?"



*

नशिराबादच्या रफिकभाईंनी नव्या पलंगाचा फोटो दिला. तपासणाऱ्या कंप्युटरने जाहिरात नामंजूर केली! कारण काय, तर फोटो सभ्य नाही.

रफिकभाई पलंगाकडे बघतच राहिले. "इसपे तो कोई है भी नहीं!"

त्यांनी पलंगावर चादर अंथरली, नवा फोटो काढला. लगेच मंजूर.

"भाई," ते हळूच म्हणाले, "कंप्युटर अपने से ज्यादा शरीफ निकला!"

*

बाबूशेठच्या घराभोवतीच्या वर्तुळाची युक्ती मी सांगितली, तेव्हा सुनंदा म्हणाली, "मग माझ्या बिबड्यांची लावा की."

ती ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापडासारखं वाळवण, करायची, ओळखीपाळखीत विकायची. मी तिचा गच्चीवर बिबडे वाळत घालतानाचा व्हिडिओ काढला. वर्तुळ आमच्या घराभोवती, एक किलोमीटर. पन्नाशीपुढच्या बायका. ती त्रेपन्नची होती. तिला स्वतःला दिसावी, एवढाच माझा हेतू.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या अक्का दारातूनच ओरडल्या, "सुनंदा, तू मोबाईलमा उनी व!" मागच्या गल्लीतून तीन निरोप आले. भाजीवालीनेही पाहिली. सुनंदाच्या मोबाईलवर मात्र काहीच नाही. आठवडाभर ती अंगठ्याने स्क्रीन वर ढकलत बसायची.

त्या मंगळवारी सकाळी मी चपला घालत होतो, तेव्हा तिने विचारलं, "बठ्ठासले दिसस, मालेच का बरं नही?"

सगळ्यांना दिसणारी जाहिरात तिलाच का दिसली नाही, ते बघायला तेराव्यानंतर मी तिचा फोन उघडला. खातं तिने स्वतःच काढलेलं. जन्मसाल पाहिलं. तिथे बाईसाहेब बत्तीस वर्षांच्या होत्या!

संध्याकाळी सांगतो म्हणालो होतो. ते सांगायचं राहिलं.