बिनहवेचा टायर

गाड्यांच्या प्रदर्शनात एका छोट्या गाडीला बिनहवेचे टायर लावले होते. आत हवेच्या जागी रबराच्या पट्ट्यांची जाळी, अगदी आरपार दिसणारी. भोवती गाडीवेड्यांचा घोळका. "पंक्चरची कटकटच गेली!" एकजण खूश होऊन म्हणाला. दुसऱ्याने नाक मुरडलं, "पण आवाज फार करत असणार." तेवढ्यात पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ पुढे आले. त्यांनी सवयीने टायरला बुटाच्या टोकाने हलकेच ठोकलं, मग वाकून कडेवरून बोट फिरवत राहिले. हवा भरायचा व्हॉल्व्ह शोधत असावेत. तो नव्हताच.

माझे बाबाही निघण्याआधी चारही टायर असेच ठोकून बघायचे. एकदा गाडी सुटली की मात्र थांबणं नाही. चहा नाही, उसाचा रस नाही. "पोचल्यावर बघू." त्यांना थांबवायचं ते फक्त पंक्चर. स्टेपनी लावून झाली की ते रस्त्याकडेला आमच्याजवळ टेकायचे. हात काळे झालेले, म्हणून आई त्यांना पोळीभाजीचे घास भरवायची, आणि ते लाजत, हसत त्यांच्या शाळेतल्या खोड्या सांगायचे. मला जे बाबा ठाऊक आहेत, ते त्या चार-पाच पंक्चरांमधलेच.

"ताई, या टायरवर कुठेच थांबावं लागणार नाही," स्टॉलवरची मुलगी कौतुकाने म्हणाली.

मी चपलेच्या टोकाने टायर ठोकून पाहिला. चांगला भक्कम होता. बाबांच्या गाडीला हे टायर असते, तर आम्ही दरवेळी अगदी वेळेवर पोचलो असतो.